सहा महिन्यांच्या आतला फोटो

फोटो काढायला आलेला माणूस स्टुलावर बसला की आधी विचारतो, "हसू का?" नको. "चष्मा राहू दे?" काढा. "कान दिसायला लागतात?" दोन्ही. "पांढरा शर्ट चालतो ना?" नाही चालत, मागचा पडदा पांढरा आहे, नुसतं मुंडकं दिसेल, खुंटीला काळा कोट आहे, तो घाला. मग तो कोट हुंगून तोंड वाकडं करतो. क्लिक झालं की ताडकन उठतो आणि विचारतो, "डोळे मिटले नाहीत ना?" आणि या सगळ्याच्या आधी, दारातच उभं राहून, निम्मे लोक विचारतात, "घरी एक छान आलेला आहे, तो नाही चालणार?" केव्हाचा आहे? "असेल चार-पाच वर्षांचा." मी म्हणते, फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो.

लालबागला मसाल्याच्या बाजारामागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. वडिलांनी काढला, त्यांच्यामागे मी चालवते. वरच्या मजल्यावर आमची खोली, तिथे मी आणि आई. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांचे फोटो मी मुद्दाम वाईट काढते अशी गल्लीत बोलवा आहे. ते खोटं आहे. फोटो ज्याच्या त्याच्या तोंडासारखाच येतो.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज अकराला खाली उतरते आणि थर्माकोल धरते. म्हणजे असं, की वरच्या दिव्यांनी माणसाच्या डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळं येतं. तिथे खालून पांढरा थर्माकोलचा तुकडा तिरका धरला की उजेड उलटा वर जातो आणि तोंड उजळतं. त्यासाठी स्टँड मिळतो. पण आईला वाटतं स्टँडला काय कळणार, समोरच्याची हनुवटी केवढी ते. गिऱ्हाईक विचारतं, "हे कशाला, आजी?" आई म्हणते, "तुमची झोप नाय झाली ती लपवूक." मग ते खरंच हसतं आणि मला पुन्हा फोटो काढावा लागतो.

स्वतःचा फोटो मात्र आई काढू द्यायची नाही. कॅमेरा तिच्याकडे वळला की उजवा तळहात पुढे. त्या तळहातावर भाजल्याचा एक वाटोळा डाग आहे, रुपयाएवढा. वडिलांच्या वेळी मोठे तापणारे दिवे असायचे, त्यातला एक घसरला तो तिने हाताने धरला, तेव्हाचा. वडील गिरणगावात घरोघरी फोटो काढायला जायचे. बारसं, साखरपुडा, आणि ते तिसरंही. पूर्वी घरात कोणी गेलं की उचलायच्या आधी फोटोवाल्याला बोलवायचे. गावाकडची माणसं कोकणातून दोन दिवसांनी पोचायची, त्यांना मुखदर्शन कुठून मिळणार? म्हणून फोटो. वडील कॅमेरा घ्यायचे आणि आई दिवा. दोघं जिने चढून जायची आणि आल्यावर आई नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहायची.

आमच्या खोलीत आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, एकच फोटो आहे. लहानपणी मला त्या फोटोची भयंकर भीती वाटायची. आजी समोर बघते आहे, पण तुमच्याकडे नाही. खोलीत कुठेही जाऊन उभं राहा, ती तुमच्याकडे बघत नाही. मी आईच्या पदरात तोंड खुपसून निजायची. पुढे मोठी झाल्यावर कळलं, की आजीचा जिवंतपणी फोटोच नव्हता. वडिलांनी तो ती गेल्यावर काढला, आणि मग बारीक ब्रश घेऊन मिटलेल्या पापण्यांवर स्वतःच्या हाताने उघडे डोळे रंगवले. त्या काळी हे सर्रास करायचे. कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही.

आता तसं कोणी बोलवत नाही. आता मुलगा येतो, मोबाईलमधला लग्नातला घोळका दाखवतो आणि म्हणतो, "यातून बाबांचा होईल ना?" होतो. मी बाबांना घोळक्यातून कापते, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसते, तोंड उजळते आणि मागे आमचा निळा टाकते. मध्ये फिका, कडेला गडद होत जाणारा निळा. वडिलांचा रंगवलेला पडदाच होता तसा, मी तो कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला. पासपोर्टला पांढरा, आणि याला निळा.

गेल्या एप्रिलातली गोष्ट सांगते. आदल्या संध्याकाळी असाच एक जण आला होता. त्याच्या वडिलांचा एक कान फोटोत दुसऱ्याच्या फेट्यामागे गेलेला. मी दीड तास बसून डावा कान उलटा करून उजवीकडे चिकटवला. मान मोडून आली. मुलगा गेल्यावर मी सगळा राग आईवर काढला.

"बघितलंस? वेळेवर एक फोटो काढून घेत नाहीत, आणि मग मी कान चिकटवत बसायचं. तुझं काय करायचं, सांग ना? भिंतीवर आधार कार्डावरचा लावू? त्यात तू पाकीटमारासारखी दिसतेस."

आईने थर्माकोल कपाटामागे सरकवला आणि म्हणाली, "जेवाक चल." मला वाटलं, विषय संपला.

खरं तर त्या दिवसांत आईला असं काही बोलायला नको होतं, हे मला ठाऊक होतं. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं होतं. एकदा तिने भर दुपारी वडिलांचा डबा भरला. मी डबा रिकामा केला, घासून फडताळात ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही. वय झालं की होतं असं. माणूस घाबरला की असली वाक्यं बरोबर सापडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळाचौकीला एका पतपेढीत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेले. दीडला परत आले तर वर खोलीला कुलूप. स्टुडिओसमोर एक हारवाली बसते, तिला आम्ही मावशी म्हणतो. किल्ली तिच्याकडे होती.

"आई कुठेय?"

"जाऊन येते म्हणाली. साडेदहाला गेली असेल."

"कुठे?"

"मला वाटलं तुला माहितेय. चांगली इरकल नेसली होती, अंजिरी. माझ्याकडून वेणी घेतली नि माळली. मी म्हटलं, लग्नबिग्न असेल कोणाचं."

कोणाचंही लग्न नव्हतं. आईचा मोबाईल खोलीत चार्जिंगला लावलेला होता. उरलेली वायर नीट गुंडाळून, देवापुढे ठेवावा तसा ठेवला होता.

मी बाजारात गेले. एप्रिलात आमच्या गल्ल्यांतून मिरची कुटायचं काम जोरात असतं. हवेतच तिखट असतं, येणारा-जाणारा शिंकत असतो. मी प्रत्येक गाळ्यात वाकून विचारत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एकानेही विचारलं नाही, काय झालं म्हणून. त्या दिवसांत लालबागला डोळे पुसणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. मारुतीच्या देवळात गेले, भाजीवाल्यांकडे गेले, परळच्या हॉस्पिटलात अपघात विभागात जाऊन उभी राहिले. तिथे एका स्ट्रेचरवर चादरीबाहेर म्हाताऱ्या बाईचे पाय दिसत होते. मी वाकून टाचा बघितल्या. आईच्या टाचा नव्हत्या. मला बरं वाटलं, आणि त्या पायांच्या समोरच बरं वाटलं याची लाज वाटली.

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक हवालदार बाई होत्या. शांतपणे विचारत लिहून घेत होत्या. वय? उंची? अंगावर काय? काही खूण? मी तळहाताचा डाग सांगितला.

"फोटो द्या, ताई. अलीकडचा हं. सहा महिन्यांच्या आतला."

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मी म्हटलं, "माझा फोटो स्टुडिओ आहे. देते लगेच." आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरता उतरता माझ्या ध्यानात आलं. सबंध लालबाग-परळचे फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. गल्लीतल्या बोक्याचासुद्धा आहे. आईचा नाही.

स्टुडिओत येऊन शटर अर्धं ओढलं आणि शोधायला बसले. आठ वर्षांपूर्वीच्या एका लग्नातला घोळका सापडला. शेवटच्या रांगेत दोन बायांच्या मध्ये आई, तळहात वर करायला जागाच मिळाली नव्हती म्हणून सापडलेली. केस तेव्हा बरेच काळे. मी तो फोटो उघडला आणि कामाला लागले. डोकं जागेवर नव्हतं, पण हात होते. हातांनी आईला घोळक्यातून कापलं. खांद्यावर आलेला दुसरीचा पदर पुसला. तोंड उजळलं, मागचा मांडव काढून टाकला. पाच मिनिटांत फोटो तयार झाला, आणि मी तो हवालदार बाईंना, चाळीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं की आई सकाळपासून घरी आलेली नाही, दिसल्यास या नंबरवर कळवा.

मग मोबाईल समोर ठेवून बसले. तीन-चार मिनिटांत पहिला मेसेज आला. मी झडप घालून बघितला. "भावपूर्ण श्रद्धांजली."

मला वाटलं चुकून आला. मग दुसरा आला, नुसते जोडलेले हात. मग तिसरा: "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." मग एकामागून एक, थांबेचनात. त्या क्षणी मला एकच वाटलं, की यांना कळलंय. कुठेतरी काहीतरी झालंय, आणि मी सोडून सगळ्यांना ते कळलंय. गावाहून चुलत काकांचा फोन आला, रडत विचारत होते, "कधी नेणार गो? आम्ही पोचूक नाय शकत." मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "कोणी म्हणजे? तुझोच फोटो इलो ना!" मी फोन ठेवला तर मंडळाच्या कार्यकर्त्याचा. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, वाईट झालं. नाक्यावर बॅनर लावतोय. हाच फोटो घेऊ ना?"

मी फोन कट केला. तेवढ्यात शटरखालून मावशी वाकून आत आली. तिच्या हातात हार होता, मोठा, झेंडूचा नि शेवंतीचा, मध्ये गुलाब. तिचे डोळे सुजले होते.

मी तिच्या अंगावर धावूनच गेले. "हार कसला आणलास? कोण मेलंय? वाचता येत नाही का कोणाला? हरवलीय लिहिलंय मी, हरवलीय!"

मावशी घाबरून दोन पावलं मागे सरली. हार पाठीमागे लपवला. आणि मग तीही चिडली. "लिहिलं असशील! पण तूच निळा लावलास ना तिच्यामागे? तू निळा कोणाला लावतेस, सांग की! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

मी वळून कॉम्प्युटरकडे बघितलं. मध्ये फिका, कडेला गडद. आईचं तोंड इतकं छान उजळलेलं, डोळ्यांखाली काही नाही, हनुवटीखाली काही नाही. गेली वीस वर्षं या चाळींतून कोणीही गेलं की लोकांच्या हातात हाच निळा येतो. तो दिसला की खालचं कोण वाचतंय? लोक हात जोडतात आणि पुढे पाठवतात. म्हणजे भायखळ्यापासून दादरपर्यंत माझ्या आईचा फोटो फिरत होता आणि एकही माणूस तिला शोधत नव्हता. मेलेल्या माणसाला कोण शोधतं? हे मी केलं होतं, माझ्या हाताने. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मावशीने मला पाणी पाजलं.

दुसरा फोटो हवा होता, पण तो नव्हताच. मी नुसतीच कॉम्प्युटरमध्ये खालीवर करत होते. कालची फाईल उघडली, का उघडली सांगता येत नाही. कालचं पहिलं गिऱ्हाईक, कॉलेजातली मुलगी, न कापलेला फोटो. फोटो काढताना मी नेहमी मोकळी जागा ठेवून काढते, मग साडेतीन बाय साडेचारचा तुकडा कापून घेते. बाकीचं मूळ फाईलीत पडून राहतं. तुकडाच बघायची सवय, बाकीच्याकडे मी कधी बघतच नाही.

त्या फोटोत उजव्या कडेला थर्माकोल होता, आणि थर्माकोल धरून आई उभी होती.

मी पुढचा उघडला. आई. त्याच्या पुढचा. आई, जांभई देताना. परवाचा. हिरवं लुगडं, एका शाळकरी पोराला डोळ्यांनी दटावताना. मागच्या आठवड्यातला, मागच्या महिन्यातला. आई हसतेय, आई कंटाळलीय, आई दाराबाहेर बघतेय, आईचा पदर घसरलाय. रोजचे, दिवसाचे दहा-बारा. सगळे सहा महिन्यांच्या आतले. कॅमेरा आपल्याकडे नाही अशी तिची खात्री, म्हणून हात मोकळा. आणि मी रोज, न चुकता, तिला कापून टाकत होते.

एका फोटोत ती माझ्याकडेच वळली होती, "झाला काय?" असं विचारताना. तोंड थोडं उघडं, पांढरे केस कपाळावर, डोळ्यांखाली काळं, कारण सगळा उजेड तिने दुसऱ्याच्या तोंडावर टाकलेला. मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला कापलं आणि आईला ठेवलं. मागे काही टाकलं नाही. स्टुडिओची पोपडे आलेली भिंत तशीच राहू दिली. खाली लिहिलं, "मघाचा फोटो चुकीचा होता. आई जिवंत आहे. तिला शोधा." "जिवंत आहे" लिहिताना बोट थांबलं. ते मला तरी कुठे ठाऊक होतं? पण लिहिलं आणि सगळीकडे पाठवलं.

साडेपाचच्या सुमाराला अनोळखी नंबर वाजला. एक बाई बोलत होती. "ताई, तो थर्माकोलवाला फोटो तुम्हीच टाकलाय ना? त्या आजी आमच्या शॉपमध्ये आहेत. गिरगावात, फणसवाडीच्या नाक्यावर. मोबाईल कव्हरचं दुकान आहे आमचं."

"नक्की? बऱ्या आहेत?"

"एकदम. चहा झाला दोनदा, इडली खाल्ली. थांबा, फोटो पाठवते त्यांचा."

मी टॅक्सीत बसले तेव्हा तो फोटो आला. त्यात आईचं तोंड नव्हतं. सबंध फोटोभर एक तळहात होता, आणि तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा वाटोळा डाग. मी टॅक्सीत मोठ्याने रडायला लागले. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला. तरी भायखळ्याच्या सिग्नलला मला पुन्हा भीती वाटली, की मी पोचेपर्यंत ती तिथून उठून चालायला लागली तर?

ती उठली नव्हती. रंगीबेरंगी कव्हरांनी भरलेल्या भिंतीपुढे प्लास्टिकच्या स्टुलावर ती ताठ बसली होती. अंजिरी इरकल, वेणी सुकून तपकिरी झालेली, केस चापून बसवलेले. दोन्ही कान दिसत होते.

"इलंस?" ती म्हणाली. "तुका कोणी सांगल्यान?"

मी तिला मिठी मारायला हवी होती. मी ओरडले. "कोणाला सांगून आलीस? मेले असते मी इकडे!" दुकानवाली बाई मधे पडली. म्हणाली, "ओरडू नका हो, ताई. मी सकाळपासून विचारतेय, मुलीचा नंबर द्या. तर म्हणाल्या, तिला कळवू नको, तिच्यासाठीच आलेय. फोटोवाले येईपर्यंत बसते म्हणाल्या. दुकान बंद करताना मी पोलिसांकडे नेणारच होते." मग जरा ओशाळून म्हणाली, "दुपारी तो निळा फोटो मलापण आला होता. बहीण काळाचौकीला असते, तिने पाठवला. वाईट वाटलं, पुढे पाठवला मी. समोर बसल्यात त्याच, असं मनातसुद्धा आलं नाही."

फोटोवाले म्हटल्यावर मला कळलं. त्या दुकानाच्या जागी पूर्वी एक स्टुडिओ होता. वडील तिथेच हे काम शिकले आणि आई-वडिलांचा लग्नाचा फोटो तिथेच निघाला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी शाळेत होते.

मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. "आई, आपला स्टुडिओ आहे ना. माझ्याकडून काढायचा."

"तुझ्याकडसून नको."

"का?"

"तो भिंतीवरचो फोटो तुका करूचो लागात म्हणान." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि लहान पोरीला समजावावं तसं सांगायला लागली. "तुझ्या बापाशीन आपल्या आवशीचो केल्यान. तेका डोळे रंगवल्यान. मगे चार दिवस जेवलो नाय तो. तेव्हा लायट धरूक मी तरी होतंय. तुझी लायट कोण धरतलो?"

दुकानवाली बाई पाठ फिरवून कव्हरं नीट लावायला लागली. आईने रस्त्याकडे बघून विचारलं, "उशीर केल्यानी नाय?" मी म्हटलं, ते आज येणार नाहीत. "मगे परत येवया," ती म्हणाली आणि माझा हात धरून उठली.

डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलंय आणि गोळ्या दिल्या आहेत. ते वाढत जाणार, हेही सांगितलंय. तो निळा फोटो मी पुसून टाकला. गिरगावचं आई पार विसरली, आता विचारलं तर म्हणते, मी कशाक जातंय? पण अकराला खाली येते आणि थर्माकोल उचलते. ते अजून हाताला आठवतं. मी तिचा फोटो काढत नाही. गिऱ्हाइकाचा काढते, पण कॅमेरा जरा जास्त उजवीकडे ठेवून, आणि कापल्यावर उरलेला तुकडाही जपून ठेवते.

रोज स्टुडिओ बंद करायच्या आधी मी ते दिवसाचे तुकडे बघते. बघू नये असं ठरवते आणि बघते. एप्रिलात थर्माकोल गिऱ्हाइकाच्या छातीशी होता. गणपतीनंतर तो पोटाशी आला. आता मांडीवर टेकतो, कधी कधी उलटाच असतो. गिऱ्हाइकांच्या हनुवटीखाली सावली यायला लागली आहे. परवा एकाने फोटो हातात घेऊन विचारलंच, "बाई, इथे काळं का आलंय?" मी म्हटलं, येतं तसं. कॉम्प्युटरवर घालवून देईन. आईला "वर धर" असं मी सांगत नाही.